संजीवनीला सावकाश वाळवताना

२०१९ सालच्या श्रावणात माझे धाकटे दीर नागद्वारची यात्रा करून पचमढीहून नागपूरला परतले, तेव्हा प्रसादाच्या पुडीबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन तपकिरी गड्ड्याही त्यांनी माझ्या हातात ठेवल्या. प्रत्येक गड्डी साधारण मुठीएवढी होती, वजनाला अगदी हलकी होती आणि जराशी दाबली तरी कुरकुरत होती. बारीक फांद्या मध्याकडे वळून एकमेकींत इतक्या घट्ट शिरल्या होत्या की त्यात पान कुठले आणि देठ कुठला हेही ओळखता येत नव्हते. सासूबाईंनी मात्र ती पाहताक्षणी ओळखली. "अगं, ही तर संजीवनी. रात्री पाण्यात टाक आणि सकाळी बघ," असे त्या म्हणाल्या. काटोलजवळच्या त्यांच्या माहेरगावी यात्रेहून येणारी माणसे हीच वस्तू आणत असत आणि ती देवघरातल्या कोनाड्यात कोरडीच पडून राहत असे, अशी आठवणही त्यांनी सांगितली. तिचे पुढे काय होत असे, हे त्यांना आठवत नव्हते. कोणी ती कुंडीत लावल्याचे तर त्यांनी कधीच पाहिले नव्हते.

मी त्या तिन्ही गड्ड्या पितळी परातीत ठेवल्या आणि बुडतील इतके पाणी ओतले. तासाभरातच बाहेरच्या फांद्या सैल होऊ लागल्या आणि सकाळी पाहते तो परातीत तीन पसरट, नेच्यासारखी दिसणारी झाडे पूर्ण उमललेली होती. त्या दिवशी घरात जो येईल त्याला मी परात दाखवली. तिसऱ्या दिवशी मात्र तिघींमधला फरक दिसू लागला. दोन झाडांच्या फांद्या गडद हिरव्या झाल्या होत्या, तर तिसरे झाड पूर्ण उमलूनही तपकिरीच राहिले होते आणि त्याच्या बुडाशी चिकट बुळबुळीत थर धरला होता. परातीतल्या पाण्याला चहाचा रंग आला होता आणि त्याला कुबट वास येत होता. ते तिसरे झाड आमच्या घरी येण्याच्या कितीतरी आधीच मेलेले होते, आणि तरीही ते इतर दोघींइतक्याच डौलाने उमलले होते.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण विकणारे लोक पाण्याचे भांडे समोर ठेवून हेच उमलणे झाडाच्या जिवंतपणाचा पुरावा म्हणून दाखवतात. फांदीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूचे पेशीथर पाणी शोषून कमीअधिक फुगतात, त्यामुळे वळलेली फांदी सरळ होते. हे काम पेशींच्या भिंती करतात आणि त्यासाठी पेशी जिवंत असण्याची गरज नसते. आमच्या जुन्या घराशेजारी राहणाऱ्या आपांच्या कपाटात 'मरियमचा पंजा' नावाची अशीच एक वाळकी गुंडाळी होती, आणि घरातली सून बाळंत होण्याच्या वेळी ती पाण्यात ठेवण्याची त्यांच्याकडे रीत होती. तो पंजाही पाण्यात उघडतो आणि बाहेर काढला की पुन्हा मिटतो. पण ती अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात उगवणारी, मोहरीच्या कुळातली वर्षायू वनस्पती आहे. पंजा म्हणून आपण जे पाहतो ते तिचे मेलेले शरीर असते, आणि ते उघडते ते आत जपलेले बी पावसात बाहेर पडावे म्हणून. परदेशातून येणारा आणि 'जेरिकोचा गुलाब' म्हणून विकला जाणारा गोळा बहुधा या दोहोंपेक्षाही वेगळा असतो. तो मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरील चिहुआहुआ वाळवंटातल्या सेलाजिनेला लेपिडोफायला या वनस्पतीचा असतो आणि ती आपल्या संजीवनीची सख्खी बहीण शोभते. तोही जिवंत असला तर हिरवा होतो, मेलेला असला तर नुसता उमलतो.

त्यानंतर मी कोणाला गड्डी पारखायला मदत केली, तर ती पाण्यात टाकण्याआधीच पाहते. बाहेरून दिसतो तो तपकिरी, थोडासा रुपेरी रंग फांदीच्या खालच्या बाजूचा असतो, आणि फांदी आतल्या बाजूला वळत असल्यामुळे वरची बाजू गुंडाळीच्या आत झाकलेली राहते. म्हणून एखादी फांदी नखाने हळूच उलगडावी. आत मळकट का होईना पण हिरवा रंग दिसला तर आशा ठेवावी, आणि आतबाहेर एकच पेंढ्यासारखा रंग असला तर ती गड्डी मेलेली समजावी. गड्डीचा मध्य, जिथून नवे कोंब निघतात, तो घट्ट असावा आणि बोटाने दाबल्यावर त्याचा भुगा होऊ नये.

ज्या वनस्पतीबद्दल मी लिहीत आहे तिचे शास्त्रीय नाव सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस असे आहे. तिला फूल येत नाही, बीही धरत नाही. ती बीजाणूंनी वाढते. दिसायला ती नेच्यासारखी असली तरी नेचे नाही, त्याहून जुन्या आणि वेगळ्या वंशातली आहे. याच वंशातल्या प्रचंड वृक्षांच्या जंगलांपासून युरोप-अमेरिकेतला पुष्कळसा दगडी कोळसा तयार झाला. आमच्या उमरेड-चंद्रपूरकडचा कोळसा मात्र ग्लॉसोप्टेरिस नावाच्या निराळ्या, बी धरणाऱ्या झाडांचा आहे. रामायणातली संजीवनी ती हीच का, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. २००९ साली कर्नाटकातल्या गणेशय्या, वासुदेव आणि उमा शंकर या संशोधकांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात या प्रश्नाची पद्धतशीर छाननी केली होती आणि तिच्यात शेवटी उरलेल्या मोजक्या वनस्पतींत ही एक होती. यापलीकडे खात्रीने काही सांगता येत नाही. तिच्या औषधी गुणांबद्दल मी काही बोलत नाही, आणि घरातल्या कोणालाही तिचा काढा करून दिलेला नाही.

उरलेली दोन झाडे मी ऑगस्टच्या अखेरीस कुंडीत लावली आणि तिथेच माझी पहिली मोठी चूक झाली. अंगणातल्या तुळशीला, जास्वंदीला जी माती मी वापरत होते तीच, म्हणजे आमच्याकडची काळी माती थोडे शेणखत मिसळून, मी प्लास्टिकच्या खोल कुंड्यांत भरली. ज्या झाडाची मुळे पचमढीच्या वालुकाश्मावरच्या बोटभर जाडीच्या पालापाचोळ्यात आणि शेवाळात पसरलेली असतात, ज्याच्या मुळांशी पावसाचे पाणी येते आणि उतारावरून लगेच निघूनही जाते, त्याला मी चिखलात उभे केले होते. काळी माती ओली झाली की आठ-आठ दिवस ओलीच राहते. सप्टेंबरमध्ये पाऊस लांबला, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका झाडाचा मध्य काळा पडला. दोन दिवसांनी त्याच्या फांद्या ओढताच हातात आल्या. जे झाड महिनोन्‌महिने पाण्यावाचून तगले होते, ते माझ्या अंगणात पाण्याने कुजून गेले.

उरलेले एकमेव झाड मी त्याच दिवशी मातीतून काढले, मुळे धुतली, काळे पडलेले भाग कात्रीने छाटले आणि ते कुंभाराकडून आणलेल्या पसरट परळात लावले. परळाला बुडाशी तीन भोके पाडून घेतली होती. खाली विटांचे तुकडे, त्यावर कोळशाचा चुरा, आणि त्यावर जाड वाळू व चाळलेले पानखत समप्रमाणात, असे जेमतेम चार बोटे जाडीचे थर दिले. झाडाचा मध्य मातीच्या वर राहील इतपतच ते बसवले आणि मुळे हलू नयेत म्हणून भोवती चपटे दगड ठेवले. या दगडांचा एक फायदा मला पुढे कळला. संजीवनीच्या फांद्यांतून खाली उतरणारे दोऱ्यासारखे धागे आधाराला दगड शोधतात, त्याला चिकटतात आणि तिथे त्यांना मुळे फुटतात. हे मिश्रण मी आजतागायत बदललेले नाही.

जागेबाबत मला फार प्रयोग करावे लागले नाहीत. उत्तरेकडच्या सज्जात, जिथे दिवसभर वाचता येईल इतका उजेड असतो पण ऊन थेट येत नाही, तिथे ते झाड रमले. पाण्याचा प्रश्न मात्र बराच त्रासाचा ठरला. आमच्याकडे बोअरचे पाणी येते आणि ते इतके जड आहे की भांड्यांवर पांढरे डाग उरतात. दोन महिन्यांत तसाच पांढरा थर झाडाच्या फांद्यांवर आणि दगडांवर साचला आणि कोवळ्या फांद्यांची टोके करपू लागली. तेव्हापासून मी पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी दोन पिंपांत भरून ठेवते आणि या झाडाला तेवढेच देते. ते संपले तर पिण्यासाठी गाळलेले. पाणी कुंडीत ओतण्यापेक्षा फवाऱ्याने फांद्यांवर देते, कारण ही वनस्पती मुळांइतकीच अंगानेही पाणी पिते.

आता मी त्या चुकीकडे वळते जिने मला या झाडाबद्दल सर्वांत जास्त शिकवले. २०२० सालच्या एप्रिलमध्ये सगळेच घरात अडकून पडले होते आणि मला झाडांकडे पाहायला भरपूर वेळ होता. वनात हे झाड उन्हाळ्यात वाळते, तर आपणही त्याला वाळू द्यावे, असा विचार मी केला आणि तो विचार चुकीचा नव्हता. पण ते कसे वाळू द्यावे याचा मी क्षणभरही विचार केला नाही. रोज दोनदा फवारलेले, पूर्ण हिरवे, पसरलेले झाड मी एका सकाळी सज्जातून उचलले आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नेऊन ठेवले. त्या दिवशी पारा ४३ अंशांवर होता आणि गरम वारा सुटला होता. संध्याकाळी गेले तेव्हा झाडाची गड्डी झालेली होती. एका दिवसात काम झाले, वाळलेल्या झाडाला आता काही लागत नाही, अशा समाधानाने मी ते उचलून कोठीच्या खोलीत ठेवले.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर मी त्याला पाणी दिले तेव्हा ते उमलले, पण बाहेरच्या दोन फेऱ्यांतल्या सगळ्या फांद्या तपकिरीच राहिल्या. मी आठ दिवस वाट पाहिली. शेवटी मध्यातल्या पाच फांद्या हिरव्या झाल्या, बाकीच्या सुमारे वीस फांद्या मेल्या. ते झाड वाचले ते केवळ या पाच फांद्यांवर.

या नुकसानाचे कारण शोधताना मी जे वाचले त्याने माझी समजूत मुळापासून बदलली. तोवर मी धरून चालले होते की ही वनस्पती वाळणे नुसते सहन करते, एखादा दगड ऊन सहन करतो तसे. प्रत्यक्षात वाळण्याची तयारी ती स्वतः करते आणि त्या तयारीला वेळ लागतो. पाणी कमी होऊ लागले की तिच्या पेशी विशिष्ट शर्करा आणि संरक्षक प्रथिने तयार करून साठवू लागतात. पाणी निघून गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागी या शर्करा पेशीतल्या नाजूक पटलांना आणि प्रथिनांना धरून ठेवतात, आणि शेवटी पेशीतला द्रव घट्ट होत होत काचेसारखा होतो, ज्यात कसलीही घडामोड चालत नाही. ज्वारीचे किंवा तुरीचे बी पक्व होताना जे घडते तेच ही वनस्पती आपल्या पानांत घडवून आणते. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन विद्यापीठात जिल फॅरंट यांनी अशा वनस्पतींचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे, आणि बियांत काम करणारी जनुकेच या वनस्पती पानांत वापरतात, हे त्यांच्या संशोधनाचे एक मुख्य सूत्र आहे. बहुतेक झाडांची पाने पाण्याचा मोठा वाटा गमावल्यावर परत सावरत नाहीत. या वनस्पतींच्या पानांत मात्र भरल्या अवस्थेच्या १० टक्क्यांहूनही कमी पाणी उरले तरी जीव टिकतो. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१० साली आपल्या याच संजीवनीवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वाळतानाही तिच्यातली ऑक्सिडीकरणापासून वाचवणारी विकरे आपले काम करत असल्याचे दिसले. तिचे गुंडाळणेही या तयारीचाच भाग आहे. पाणी नसताना हरितद्रव्यावर पडणारा उजेड पेशीला जाळतो, म्हणून ती हिरवी बाजू आत घेते आणि पाठ उन्हाकडे करते.

ही सगळी तयारी मी तिला एका दिवसात करायला लावली होती. मध्यातल्या फांद्या बाहेरच्या फांद्यांच्या सावलीत होत्या, त्या हळू वाळल्या आणि म्हणून जगल्या.

२०२१ पासून मी तिला वाळवते ते सावकाश, आणि माझ्या मते घरी संजीवनी सांभाळण्यातले खरे काम हेच आहे. पाणी देणे कोणालाही जमते. मी हे काम उन्हाळा येण्याची वाट न पाहता फेब्रुवारीत करते, कारण तेव्हा हवा कोरडी होऊ लागलेली असते पण तापलेली नसते. आधी आठ दिवस फवारणी एक दिवसाआड करते आणि मग परळात पाणी देणे पूर्ण थांबवते. त्यानंतर झाडावर वेताची मोठी दुरडी उपडी घालते आणि दुरडीवर ओले गोणपाट टाकते. पहिले दोन दिवस गोणपाट सकाळ-संध्याकाळ भिजवते, पुढचे तीन दिवस फक्त सकाळी, आणि नंतर ते तसेच कोरडे होऊ देते. मग गोणपाट काढून नुसती दुरडी ठेवते आणि शेवटी दुरडीही काढते. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर परळ ठेवून वजन वहीत लिहिते. पहिल्या वर्षी १,६४० ग्रॅमवरून सुरुवात झाली आणि ते १,१८० ग्रॅमवर येऊन थांबायला अकरा दिवस लागले. त्यातला बराचसा भार मातीतल्या पाण्याचा असतो हे मला माहीत आहे, पण वजन रोज थोडेथोडे उतरते आहे की एकदम कोसळते आहे, एवढे कळायला तो काटा पुरतो. एखाद्या दिवशी ८० ग्रॅमहून अधिक घट दिसली की मी गोणपाट पुन्हा भिजवते.

त्या अकरा दिवसांत झाडाकडे पाहत राहणे मला मनापासून आवडते. आधी फांद्यांची टोके आत वळतात, तळव्याकडे बोटे मिटावीत तशी. चौथ्या-पाचव्या दिवशी बाहेरची फेरी उभी राहते आणि खालची फिकट तपकिरी बाजू दिसू लागते. मग एकेक फेरी आतल्या फेरीवर येऊन बसते आणि मध्यातले कोवळे कोंब सर्वांत शेवटी, सगळ्यांच्या आत झाकले जातात. ज्या वर्षी मी तिला एका दिवसात वाळवले त्या वर्षी ही क्रमवार मिटण्याची रीत मला दिसलीच नव्हती; गड्डी वेडीवाकडी झाली होती आणि काही फांद्या अर्ध्याच वळल्या होत्या. आता गड्डी गोल आणि नीट मिटलेली असली की जूनमध्ये काय दिसेल याचा अंदाज मला फेब्रुवारीतच येतो.

मिटलेले झाड मी परळासकट जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवते, वर पातळ कागद टाकते आणि महिन्यातून एकदा उचलून पाहते. प्लास्टिकच्या पिशवीत ते बांधून ठेवू नये. आत दमटपणा धरला तर बुरशी येते, आणि अर्धवट ओलसर अवस्था तिला सर्वांत घातक असते. आमच्याकडे एप्रिलपासून वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालतो, म्हणून एका वर्षी मी तिला त्याच्या दमट झोतात ठेवून उन्हाळाभर हिरवी राखण्याचाही प्रयत्न केला. ती हिरवी राहिली खरी, पण फांद्या फिकट आणि लांबट झाल्या आणि पावसाळ्यात नवे कोंब नेहमीपेक्षा कमी आले. काही लोक तिला बारा महिने ओलसर ठेवतात आणि ती तशी जगतेही, पण माझ्या घरचा अनुभव सांगतो की उन्हाळ्यात मिटून राहिलेले झाड पावसात जास्त जोमाने वाढते.

मृगाचा पाऊस लागला आणि हवेत दमटपणा आला की कोनाड्यातली गड्डी पाण्याचा थेंबही न लागता किंचित सैल पडते. त्यानंतर दोन-तीन चांगल्या सरी होऊ देऊन मी परळ सज्जात आणते. आता मी तिला पाण्यात बुडवत नाही. पावसाचे पाणी दिवसातून चार-पाच वेळा बारीक फवारते आणि संध्याकाळपर्यंत ती स्वतःच्या गतीने उमलते. हिरवा रंग भरायला मात्र दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस मी तिला उन्हात किंवा वाऱ्यावर ठेवत नाही, खत तर महिनाभर दाखवतही नाही. यामागचे कारण सांगण्यासारखे आहे. पाणी मिळताच या वनस्पतीचे श्वसन आधी सुरू होते. प्रकाशसंश्लेषण पूर्ववत व्हायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणजे जागी झाल्यावर सुरुवातीला ती साठवणीतले खाते आणि त्यातूनच झीज भरून काढते. नवी कमाई नंतर सुरू होते. ती कमाई सुरू होण्याआधीच तिला पुन्हा वाळवले, तर तो खर्च भरून निघत नाही.

म्हणूनच पाहुण्यांसाठी तिला भिजवून दाखवण्याच्या मी ठाम विरोधात आहे. पहिल्या वर्षी माझा नातू आणि त्याचे मित्र यांच्यासाठी मीही ते दोनदा केले होते. मुलांच्या डोळ्यांतले आश्चर्य पाहून मला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची किंमत झाड देत होते हे मला माहीत नव्हते. वाळण्या-भिजण्याचे फेरे असे उगाच वाढवत नेले की दर फेऱ्याला बाहेरची एखादी फांदी जाते, आणि कोनाड्यात ठेवलेली संजीवनी काही वर्षांनी 'उठत नाही', असे म्हणायची वेळ येते. आता नातवाला मी जूनची तारीख सांगून ठेवते. तो त्या दिवशी येतो, दर तासाला पेन्सिलीने चित्र काढतो, आणि त्याच्या वहीत चार वर्षांची चार उमलणी आहेत.

वाढ फार संथ आहे. वाचलेल्या पाच फांद्यांवर २०२० च्या पावसाळ्यात चार नवे कोंब आले, पुढच्या वर्षी अकरा आले. झाड मूळच्या आकाराला यायला तीन पावसाळे लागले. फांद्यांच्या टोकांना चौकोनी, अगदी बारीक शेंड्यांसारखे भाग येतात, त्यांत बीजाणू असतात. त्यांपासून नवी रोपे करण्याचा माझा प्रयत्न दोनदा फसला. २०२३ च्या जुलैत मात्र मी झाडाचे तीन भाग केले, प्रत्येकाला मुळे राहतील असे पाहिले, आणि त्यांपैकी दोन जगले. एक भाग अमरावतीला माझ्या बहिणीकडे आहे.

या संथपणाचा हिशेब मनात आला तेव्हा मी दिरांना सांगितले की यात्रेहून आता गड्ड्या आणू नका. मला हे आधीच सुचायला हवे होते. ज्या श्रावणात वनातली संजीवनी हिरवीगार पसरलेली असायला हवी, त्याच श्रावणात वाटेवर विकायला ठेवलेल्या गड्ड्या कोरड्या होत्या. याचा अर्थ त्या आधीच्या उन्हाळ्यात मुळांसकट उपटलेल्या होत्या आणि त्यांचा एक पावसाळा वायाच गेला होता. आमच्या तिघींमधली एक मेलेली निघाली ती बहुधा अशीच. पचमढीचा परिसर १९९९ पासून जीवावरण राखीव क्षेत्र आहे, पण नियम असला तरी मागणी राहिली की उपटणारा हात थांबत नाही. त्या वाटेवर बसणाऱ्या बाईला दोष देणे मला योग्य वाटत नाही; तिचे पोट त्यावर असते. आपण मात्र ते झाड न घेता घरी येऊ शकतो. ज्यांना ते लावायचेच आहे, त्यांनी कोणाच्या तरी घरी वाढलेल्या झाडाचा तुकडा मिळवावा.

ज्यांना नुसते पाहायचे आहे त्यांना दूर जाण्याचीही गरज नाही. २०२३ साली पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या अशा वाळूनही जगणाऱ्या ६२ वनस्पतींची नोंद केली, आणि त्यांत सड्यांवर वाढणारे गवत आहे, नेचे आहेत, झाडांच्या खोडांवर राहणाऱ्या जातीही आहेत. आमच्या विदर्भातही जुन्या दगडी भिंतींच्या फटींत मयूरशिखा हा छोट्या पंख्याच्या आकाराचा नेचा उगवतो. मे महिन्यात तो पाहिला तर वाळून गेलेला कागदाचा तुकडा वाटतो. मी ज्या भिंतीवर तो पाहते ती माझ्या भाजीबाजाराच्या वाटेवर आहे, आणि पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिकडून जाते.

यंदा वाळवणीला सात दिवस झाले आहेत. काल संध्याकाळी वजन १,३९० ग्रॅम भरले, आज सकाळी गोणपाट काढले आणि नुसती दुरडी ठेवली आहे. बाहेरच्या दोन फेऱ्या उभ्या राहिल्या आहेत. मध्यातले कोंब अजून उघडे आहेत, त्यामुळे दुपारी वारा सुटला तर गोणपाट पुन्हा भिजवून टाकावे लागेल.